झाकण उघडण्याचा अधिकार

व्हिडिओ गेमचा कन्सोल तापून बंद पडतो, हा विषय या पानावर चर्चिण्याच्या योग्यतेचा आहे काय, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. मुलांचे खेळणे बिघडले तर ते दुकानात न्यावे किंवा अडगळीत टाकावे; त्यात अर्थशास्त्राचा संबंध कोठे येतो? वास्तविक तो फार निकटचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लेस्टेशन ५ भारतात विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. जिंतूर तालुक्यातील शेतमजुराच्या कित्येक महिन्यांच्या मजुरीएवढी ही रक्कम आहे. तालुक्याच्या गावी अशी वस्तू बहुधा हप्त्याने किंवा जुनी घेतली जाते. ती किती वर्षे चालावी हा हौसेचा नव्हे, कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा प्रश्न होय.

यंत्र तापते का, हे समजण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. आतील मुख्य चिप खेळताना दीड-दोनशे वॅट वीज घेते आणि त्या जवळजवळ सर्व विजेची अखेर उष्णता होते. चिपवर एक उष्णतावाहक लेप लावलेला असतो, त्यावर धातूच्या पातळ पात्यांचा जुडगा, आणि त्यातून हवा खेळवणारा पंखा. वर्षा-दोन वर्षांत पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू साचतात, लेप वाळतो, पंखा जिवाच्या आकांताने ओरडू लागतो आणि अखेरीस यंत्र स्वतःच बंद होते. उपायही तितकाच साधा आहे. झाकण उघडावे, धूळ काढावी, वाळलेला लेप पुसून नवा लावावा. लेपाची नळी काहीशे रुपयांत मिळते.

येथेच आपल्या भागाचा प्रश्न उभा राहतो. प्लेस्टेशन ४ आणि ५ यांच्या माहितीपत्रकांत वापराचे तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस असे दिले आहे. परभणी जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे जाणे नवलाचे नाही. पत्र्याच्या छपराखालच्या खोलीचे तर विचारूच नये. म्हणजे निर्मात्याने जी मर्यादा आखली, तिच्याबाहेर आपले निम्मे उन्हाळे जातात. ज्या ग्राहकाला दुरुस्तीची गरज सर्वांत अधिक, तोच अधिकृत सेवाकेंद्रापासून सर्वांत दूर राहतो. यंत्र खोक्यात बांधून मोठ्या शहरी धाडायचे, जाण्यायेण्याचा खर्च सोसायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट पाहायची, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

याउलट विहिरीवरच्या विजेच्या मोटारीची गोष्ट पाहा. दाब कमी-जास्त झाला की मोटार जळते. शेतकरी ती तालुक्याला आणतो, कारागीर तारेची गुंडाळी नव्याने भरतो आणि मोटार पुन्हा पाणी उपसू लागते. हे शक्य होते, कारण तार बाजारात मिळते आणि मोटारीची रचना कोणापासून लपवलेली नाही. कन्सोलचा कारागीर त्याहून कमी हुशार असतो असे नाही. त्याच्यापाशी नकाशा नसतो, अस्सल सुटे भाग नसतात आणि झाकणावरील चिकटपट्टी फाडल्यास हमी संपेल, ही भीती ग्राहकाच्या मनात घातलेली असते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये सोनी, मायक्रोसॉफ्ट व निन्टेन्डो यांच्यासह सहा कंपन्यांना या प्रकाराबद्दल ताकीद दिली होती, ती १९७५ च्या हमीविषयक कायद्याच्या आधारे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर यंत्राच्या बाजारात स्पर्धा असते, पण खरेदी झाल्यानंतरच्या दुरुस्तीच्या बाजारात मक्तेदारी असते. ग्राहक एकदा बांधला गेला की सुट्या भागाची किंमत विक्रेता ठरवील ती. आपल्या स्पर्धा आयोगाने हे तत्त्व मोटारींच्या संदर्भात ओळखले आहे. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र कारागिरांना नाकारल्याबद्दल ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे न्यायालयांत गेले, हे खरे. परंतु तत्त्व बाधित होत नाही. जे मोटारीला लागू, ते टीव्हीशेजारच्या यंत्राला का नसावे?

सरकारने पावले उचललीच नाहीत, असे नाही. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची क्षेत्रे होती. दुरुस्तीसुलभतेचा निर्देशांक ठरवण्यासाठी दुसरी समिती २०२४ मध्ये बसली आणि मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. मात्र अहवाल म्हणजे अधिकार नव्हे. अमेरिकेतील अनुभव तर सावध करणारा आहे. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटा या राज्यांचे दुरुस्तीचे कायदे १ जुलै २०२४ पासून अमलात आले. पण दोहोंतून गेमचे कन्सोल वगळण्यात आले. खेळांच्या चोरट्या प्रती निघतील, ही कंपन्यांची सबब तेथे चालली. पंख्यातली धूळ झाडल्याने किंवा लेप बदलल्याने चोरी कशी होते, हे मात्र कोणी सांगितले नाही.

सुरक्षिततेचा आक्षेप अधिक गंभीर आहे. वीज तोडल्यानंतरही यंत्रातील वीजपुरवठ्याच्या भागात काही काळ धोकादायक भार राहतो. प्लेस्टेशन ५ मध्ये लेपाऐवजी द्रवरूप धातू वापरला आहे. तो विजेचा वाहक असल्याने त्याचा थेंब भलतीकडे पडला तर यंत्र कायमचे निकामी होते. हे काम कोणीही करावे असे नाही. परंतु यावर उपाय अज्ञान हा नव्हे. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ मध्ये निघाले. तापणे आणि निवणे या चक्राने त्यातील सोल्डरचे सूक्ष्म सांधे तडकत. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या दोषापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरहून अधिक तरतूद केली. त्या काळात यंत्र टॉवेलात गुंडाळून मुद्दाम तापवण्याचा अघोरी उपाय घरोघर पसरला होता. अधिकृत माहिती मिळाली नाही म्हणून लोक दुरुस्ती थांबवत नाहीत. ते चुकीची दुरुस्ती करतात. उलट, त्याच प्लेस्टेशन ५ ची बाजूची पत्रे ग्राहकाला सहज काढता येतात आणि आत धूळ टिपणारी भोकेही ठेवली आहेत. तात्पर्य, मनात आणले तर निर्मात्याला हे जमते.

आणखी एक विसंगती नोंदवली पाहिजे. जुने यंत्र फेकून नवे घेतले की राष्ट्रीय उत्पन्नात भर पडते. घरी धूळ झाडून जुनेच चालवले तर आकडेवारीत त्याची नोंद नाही. आपण मोजतो ते उत्पादन. वाचवलेली संपत्ती मोजत नाही. फेकलेल्याचा हिशेब मात्र चुकत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन विद्युत व इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्याचा केवळ २२.३ टक्के भाग रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आला.

मागण्या माफकच आहेत. यंत्र किती तापमानापर्यंत चालेल, हे खोक्यावर ठळक छापावे. साफसफाईची आणि लेप बदलण्याची पुस्तिका मराठीसह भारतीय भाषांत द्यावी, व धोक्याच्या जागा तीत स्पष्ट दाखवाव्यात. विक्री थांबल्यानंतरही काही वर्षे पंखे व सुटे भाग रास्त दरात कोणाही कारागिराला मिळावेत. दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकातून कन्सोल वगळू नये. आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू व्हावा. मोटारीची गुंडाळी भरणाऱ्याच्या मुलाला त्यातून नवा धंदा मिळेल.

पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या वस्तूचे झाकण उघडण्यास विक्रेत्याची परवानगी लागत असेल, तर ती वस्तू आपण विकत घेतली नाही, भाड्याने घेतली आहे. मग भाडेच आकारावे. किंमत कशाची घेता?