शाळेचा फोटो घरच्या खिडकीत

शाळेच्या फॉर्मला फोटो हवा म्हणून कारागीर बांधव चार मुले घेऊन स्टुडिओत जातो. पैसे जातात, अर्धा रोजही बुडतो. आम्हाला हे पटत नाही. ऊन थेट न येणाऱ्या खिडकीसमोर मुलाला बसवावे, मागे ३ फुटांवर पांढरी चादर बांधावी. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, ५ फुटांवरून धरावा. जवळून नाक मोठे येते. फ्लॅश नकोच. मुलीची ओढणी असू द्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत चेहरा मात्र स्पष्ट दिसावा. ४ बाय ६ इंची कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे ८ फोटो बसतात. छपाई मोहल्ल्यातल्या फोटोवाल्या भाईकडेच द्यावी; मोबाइलने त्याचा धंदा आधीच बसवला आहे.