परकीय भांडवल : अटी कोणाच्या?

परकीय गुंतवणुकीचे आकडे जाहीर झाले की राज्यकर्ते ते विकासाचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवतात आणि विरोधकांना त्याच आकड्यांत आर्थिक पारतंत्र्याची चाहूल लागते. दोन्ही पक्षांचे एक गृहीत मात्र समान असते. भांडवल आले की त्याचे बरेवाईट परिणाम आपोआप घडतात, असे दोघेही मानतात. गेल्या साठ वर्षांचा जगाचा अनुभव या समजुतीला पुष्टी देत नाही.

१९६५ साली स्वतंत्र झालेल्या सिंगापूरने बहुराष्ट्रीय कंपन्यांना मुक्तद्वार दिले. दक्षिण कोरियाने त्याच काळात परकीय मालकी शक्यतो टाळली. कर्जे काढली, तंत्रज्ञान विकत घेतले, देशी उद्योगांना जकातीचे संरक्षण दिले, परंतु त्या उद्योगांवर निर्यातीची सक्तीही केली. मार्ग भिन्न असूनही दोन्ही देश समृद्ध झाले. शिक्षण, बंदरे व कार्यक्षम प्रशासन यांवर दोघांनीही भर दिला आणि सवलतींच्या मोबदल्यात काय मिळवायचे, हे आधी निश्चित केले. मेक्सिकोची कथा निराळी आहे. अमेरिका व कॅनडाशी झालेला त्याचा मुक्त व्यापाराचा करार १ जानेवारी १९९४ रोजी अमलात आला. निर्यात अनेक पटींनी वाढली, भांडवलही आले. पण पुढील पाव शतकात दरडोई उत्पन्नाची वाढ वर्षाला सरासरी एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळली. याची कारणे अनेक असली तरी एक ठळक आहे. सीमेलगतच्या कारखान्यांत सुटे भाग बाहेरून येत, तेथे जोडणी होई आणि माल परत जाई. देशातील इतर उद्योगांशी त्यांचे नाते जुळलेच नाही.

भारताच्या पदरीही दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. १९८२ साली मारुती उद्योगाने जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला. सुझुकीला प्रारंभी २६ टक्के भाग मिळाले आणि सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याचे धोरण ठरले. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार रस्त्यावर आली. पण त्या मोटारीपेक्षाही तिच्यामागे उभे राहिलेले सुट्या भागांचे कारखाने आणि तेथील कामगारांनी आत्मसात केलेली नवी शिस्त, हीच या कराराची खरी कमाई होय.

याउलट गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाचा करार स्पर्धात्मक निविदा न मागवताच झाला. विजेचा दर डॉलरशी निगडित होता. वीज घेतली नाही तरी स्थिर आकार देणे राज्य वीज मंडळावर बंधनकारक होते. शिवाय राज्य शासनाची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी होती. १९९९ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि २००१ साली मंडळाने खरेदी थांबवली. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली. नफा कंपनीचा आणि जोखीम जनतेची, अशी वाटणी ज्या करारात होते, तो कितीही कोटींचा असला तरी त्याला गुंतवणूक म्हणणे धाडसाचेच ठरेल.

याचा अर्थ दारे लावून बसावे, असा नव्हे. स्पर्धेविना दिलेल्या संरक्षणाने काय साधले, हे स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबलेल्या पिढीला ठाऊक आहे. १९९१ साली देशाच्या तिजोरीत जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते परकीय चलन उरले होते, याचाही विसर पडू नये. तेव्हा वाद दार उघडे असावे की बंद, हा नाहीच. आत येणाऱ्याशी बोलणी करण्याची घरच्यांची तयारी किती, हा आहे.

आज राज्याराज्यांत सवलतींची चढाओढ लागली आहे. स्वस्त जमीन, करमाफी, विजेच्या दरात सूट यांची खैरात होते आणि सामंजस्य करारावर सही होताच विकास झाल्याची द्वाही फिरवली जाते. अशा प्रत्येक कराराला तीन प्रश्न विचारले पाहिजेत. येथील लघुउद्योगांकडून किती माल घेतला जाणार? किती तरुणांना कौशल्य मिळणार? आणि अंदाज चुकला तर तोटा कोण सोसणार? या प्रश्नांची उत्तरे सही होण्यापूर्वी विधिमंडळापुढे आली पाहिजेत. सहीनंतर नेमल्या जाणाऱ्या चौकशी समित्यांना अहवाल लिहिता येतात. गेलेला पैसा परत आणता येत नाही.