ब्लोडाउन कंट्रोलरकडे, ॲसिड कुणाकडे?

2015 च्या दुष्काळात परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुन्या औष्णिक केंद्रांना मेगावॅट-तासामागे 3.5 घनमीटर पाण्याची मर्यादा घातली. त्यामुळे कूलिंग टॉवरचे पाणी ऑपरेटरने हाताने सांभाळावे की स्वयंचलित कंट्रोलरने, हा प्रश्न आता फक्त कारखान्यापुरता उरलेला नाही.

टॉवरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे उरतात. ते साचू नयेत म्हणून थोडे पाणी सोडून द्यावे लागते, तेच ब्लोडाउन. क्षार मूळ पाण्याच्या तिप्पट होऊ दिले, तर वाफ झालेल्या 100 लिटरमागे 50 लिटर सोडावे लागतात. पाचपट होऊ दिले तर 25. ही काटकसर हाताने साधणे कठीण. शिफ्टमध्ये एकदा नमुना घ्यायचा, टीडीएस मीटर बुडवायचा, व्हॉल्व्हचे दोन आटे फिरवायचे आणि पुढच्या कामाला पळायचे. साहजिकच ऑपरेटर व्हॉल्व्ह जरा सैलच ठेवतो. कंट्रोलर मात्र प्रोबने पाण्याची कंडक्टिव्हिटी, म्हणजे क्षारांचा अंदाज, सतत मोजतो; ठरल्या आकड्याला व्हॉल्व्ह उघडतो, ठरल्या आकड्यालाच बंद करतो.

तरीही जुन्या ऑपरेटरांचा अविश्वास निराधार म्हणता येत नाही. प्रोबवर शेवाळाचा बुळबुळीत थर चढतो आणि आकडे भरकटतात. नमुन्याच्या नळीतला प्रवाहच थांबला, तर प्रोबपुढे तेच पाणी उभे राहते. टॉवरमधला पीएच उतरत असतो. प्रोबला त्याचा पत्ता नसतो आणि क्षारांचा थर बसू नये म्हणून पीएच उतरवणारा डोसिंग पंप सल्फ्युरिक ॲसिड ओततच राहतो. पडद्यावर सगळे आलबेल, नळ्यांना मात्र गंज.

यावर उपाय आहेत, हे कंट्रोलरवाल्यांचे म्हणणे खरे आहे: प्रवाह थांबताच पंप बंद करणारा स्विच, दुसरा प्रोब. पण हा स्विचही कुणीतरी अधूनमधून तपासायला हवा. ऑटोमेशनचा खर्च माणसे कमी करून वसूल करायचा हिशेब असेल, तर तपासणार कोण?

म्हणून दोन कामांना एकच न्याय लावू नये, असे वाटते. ब्लोडाउन कंट्रोलरकडे द्यावे. तिथली चूक पाणी वाया घालवेल किंवा कंडेन्सरमध्ये क्षारांचा थर चढवेल. रोजच्या चाचणीत ती बहुधा वेळेत सापडते. ॲसिडची चूक एका रात्रीत नुकसान करू शकते. तिथे दिवसाच्या डोसला कमाल मर्यादा हवी आणि प्रत्येक शिफ्टला वेगळ्या मीटरवर पीएच तपासणारा माणूसही. तो ठेवायची तयारी नसेल, तर ॲसिडचे ऑटोमेशन टाळावे आणि क्षार कमी पटीतच राखावेत. त्यात पाणी जास्त जाईल. परळीसारख्या ठिकाणी ही किंमत परवडणारी नाही. तिथे माणूस ठेवणेच स्वस्त पडेल.