मेंढ्याची पारख त्याच्या आईवरून

कार्तिक सरला, भाताची खाचरे मोकळी झाली, म्हणजे माळशेज घाट उतरून येणाऱ्या धनगरांच्या वाड्यांची कल्याण-मुरबाड पट्ट्यातील शेतकरी वाट पाहू लागतो. शहाडच्या आसपासची पुष्कळ जमीन कारखान्यांनी व इमारतींनी व्यापली आहे. तथापि मुरबाडच्या वाटेने वर गेले असता जेथे खाचरे शिल्लक आहेत, तेथे रात्री मेंढरे बसविण्याची चाल मोडलेली नाही. लेंडी आणि मूत्र जागच्या जागी जमिनीत मुरते, वाहतुकीचा खर्च पडत नाही. हा लाभ आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. परंतु या कळपांच्या खताचा आपण जितका विचार करतो, तितका त्यांच्या जातीचा करीत नाही. ज्यांनी स्वतःच्या दहा-वीस मेंढ्या अर्धेलीने सांभाळावयास दिल्या आहेत, त्यांनाही ‘कळपातला पैदाशीचा मेंढा कोणत्या मेंढीच्या पोटचा?’ असे विचारले, तर बहुधा उत्तर देता येत नाही. ही उणीव लहान नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मेंढा मेंढीहून अंगाने थोराड असतो, मानेने जाड असतो, माजावर आलेली मेंढी हेरतो; हे सर्व वृषणांत उत्पन्न होणाऱ्या नररसाचे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचे कार्य होय. हा रस रक्तावाटे सर्व शरीरभर फिरतो. परंतु दवंडी कितीही मोठ्याने पिटली, तरी ऐकणारा बहिरा असेल तर ती व्यर्थच जाते. ही दवंडी ऐकणारा एक पदार्थ शरीराच्या पेशींत असतो. त्यास शास्त्रज्ञ ‘अँड्रोजन ग्राही’ म्हणतात. नररस त्यास चिकटला की तो पेशीच्या केंद्रात जाऊन योग्य ती जनुके जागी करतो. मग स्नायू भरतात, वीर्य तयार होते, नराचे वर्तन दिसू लागते. हा ग्राही कसा घडावा, याचा आराखडा एका जनुकात असतो. ते जनुकच नासले तर काय होते, हे गाई व घोडे यांत पाहण्यात आले आहे: पोटात वृषण आहेत, नररसही आहे, पण जनावर बाहेरून मादीसारखे दिसते व वांझ राहते.

आता खरी ध्यानी धरण्याजोगी गोष्ट. मेंढीच्या पेशीत गुणसूत्रांच्या 27 जोड्या असतात. त्यांपैकी 26 नरमादींत सारख्या. सत्ताविसावी मात्र मेंढीत ‘क्ष-क्ष’ आणि मेंढ्यात ‘क्ष-य’ अशी असते. अँड्रोजन ग्राहीचे जनुक ‘क्ष’ गुणसूत्रावर आहे. बाप आपल्या नर कोकरास ‘य’ देतो. ‘क्ष’ येतो तो आईकडूनच. म्हणजे ज्या जनुकावाचून मेंढ्याचे मेंढेपण उभे राहत नाही, ते त्यास केवळ आईपासून मिळते. बापाचा त्यात कवडीचाही वाटा नाही. उलट तोच मेंढा आपले हे जनुक प्रत्येक मुलीस देतो, मुलास कधीच देत नाही. मुलीच्या पोटी येणाऱ्या नातवांत ते पुन्हा प्रकट होते. वाढ, वजन, काटकपणा हे गुण अनेक जनुकांवर आणि चाऱ्यावर अवलंबून असतात. एकट्या या जनुकाची परीक्षा करून उत्तम मेंढा निवडता येईल, असे आम्ही म्हणत नाही, आणि कोणी तसे सांगून पैसे मागेल तर वाचकांनी देऊ नयेत. आमचे म्हणणे एवढेच की, बापाचे रूप पाहून लेकराची पारख करणे ही अर्धीच पारख होय.

दुसरी अर्धी फलटणच्या उदाहरणावरून पटेल. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेतास एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनातील गारोळ मेंढी देहाने अगदी लहान, पण जुळी-तिळी देणारी. निंबकर कृषी संशोधन संस्थेने गारोळ मेंढ्या फलटणास आणून, त्यांचा हा गुण पिढ्यान्‌पिढ्यांच्या संकराने दख्खनी रक्तात उतरविला व ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. या गुणाचे जनुक, ज्यास ‘फेक-बी’ म्हणतात, सहाव्या गुणसूत्रावर असून त्यातील नेमका बदल 2001 साली शास्त्रज्ञांनी शोधून काढला. हे जनुक मेंढ्याच्या अंगी असले तरी बाहेरून काहीच दिसत नाही; ते फळते त्याच्या मुलींत. तात्पर्य, जे मेंढ्यात दिसते त्यातील एक मोठा भाग आईने दिलेला असतो, आणि जे तो मुलींस देणार ते पुष्कळदा त्याच्यात दिसतच नाही. रक्ताची तपासणी किंवा आईची नोंद, यांवाचून ते कळावयाचे कसे?

आणि आपण करतो काय? तीन-चार महिन्यांत जे नर कोकरू सर्वांत भरते, तेच खाटकास आधी विकले जाते; कारण त्याचाच भाव चांगला येतो. मागे उरलेल्या खुरट्यांपैकी एखादा पुढे पैदाशीस लागतो. बियाण्याचे भात आधी विकून पोचट दाणे पेरावयास ठेवणारा शेतकरी आपण मूर्ख ठरवू. कळपाच्या बाबतीत मात्र ही गोष्ट आपण वर्षानुवर्षे चालू दिली. दोष एकट्या मेंढपाळाचा नाही. त्यास रोकड हवी असते, आणि आपण जमीनधारक अर्धेलीचा वाटा मोजून घेताना बीजाचा प्रश्न काढीत नाही.

याकरिता आमची सूचना अशी. प्रत्येक कोकराच्या कानास खूण करून त्याची आई, एकुलते की जुळे, आणि तीन महिन्यांचे वजन, एवढ्या तीनच गोष्टी वहीत लिहाव्या. जी मेंढी दरवर्षी विते, दुधाला कसदार आहे व कोकरे वाचविते, तिचेच नर कोकरू राखावे. त्याचे दोन्ही वृषण सारखे भरलेले व खाली उतरलेले आहेत, हे हाताने चाचपून पाहावे. एकच उतरला असेल तर तो मेंढा कितीही देखणा असो, पैदाशीस घेऊ नये. बाकीचे नर ठेवावयाचे असतील तर वेळीच खच्ची करावे. मेंढा आपल्याच मुलींवर लागू नये म्हणून दोन वर्षांनी बदलावा. जुळ्यांचे बीज आणावयाचे असेल, तर आईस जादा चारा व कोकरांस निवारा देण्याची ऐपत आधी पाहावी. भटक्या कळपात दोन कोकरे जन्मून एक मरणे, यात लाभ कोणाचा?

राखलेले कोकरू तेव्हाच विकले असते तर आलेली रक्कम मेंढपाळास सोसवत नाही. म्हणून ज्या गावी पाच-सहा खातेदारांच्या शेतांत एकच वाडा बसतो, तेथे त्यांनी मिळून एका उत्तम कोकराची किंमत त्यास द्यावी व तो मेंढा कळपातच राहू द्यावा. वाट्यास येणारा खर्च खताच्या एका पोत्याहून फारसा जड जाणार नाही. येत्या हंगामात वाडा उतरेल, तेव्हा रात्रीचा दर ठरविण्यापूर्वी आमच्या सभासदांनी मेंढपाळास एक प्रश्न अवश्य विचारावा: या मेंढ्याची आई कोणती? उत्तर मिळाले, तर त्या कळपास आपले शेत आनंदाने मोकळे करून द्यावे; न मिळाले, तर वही आपण पुरवावी.