परक्या पोथींतील साक्ष

धर्माधर्मांच्या वादांत एक युक्तिवाद फार जुना असूनही अद्याप झिजलेला नाहीं. तो असा : 'आमच्या धर्मसंस्थापकाचें आगमन तुमच्याच ग्रंथांत आधीं सांगून ठेविलेलें आहे, तुम्हांस तें दिसत नाहीं, हा दोष तुमच्या डोळ्यांचा.' यहुदी ग्रंथांवर हा प्रयोग ख्रिस्ती लोकांनीं केला, आणि यहुदी व ख्रिस्ती या दोघांच्याही ग्रंथांवर तो मुसलमान पंडितांनीं केला. महंमद पैगंबरांविषयींचीं भाकितें तौरात व इंजील यांत आहेत, हें दाखविण्यासाठीं गेल्या बारा शतकांत जें लिहिलें गेलें, त्याचा विचार येथें करावयाचा आहे. पैगंबरांच्या योग्यतेचा प्रश्न आम्ही मुळींच काढीत नाहीं; इस्लाम खरा कीं खोटा, हाही नाहीं. आमचा आक्षेप वाचनाच्या एका रीतीवर आहे, आणि ती रीति कोणा एका धर्माची मिरास नाहीं.

पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून उत्तरपक्षास अधिकार येत नाहीं, म्हणून आधीं तो मांडतों. कुराणाच्या सातव्या अध्यायांत (आयत १५७) अशा निरक्षर प्रेषिताचा उल्लेख आहे कीं, जो यहुदी व ख्रिस्ती लोकांस त्यांच्या तौरात व इंजील यांत लिहिलेला आढळतो. एकसष्टाव्या अध्यायांत (आयत ६) खुद्द ईसा, म्हणजे येशू, आपल्यामागून येणाऱ्या 'अहमद' नामक प्रेषिताची वार्ता देतात. ज्याची कुराणावर श्रद्धा आहे, त्यास हीं वचनें जुन्या ग्रंथांत शोधावीं असें वाटणें अगदीं स्वाभाविक आहे. आठव्या शतकांतील चरित्रकार इब्न इसहाक यानें योहानाच्या शुभवर्तमानाकडे बोट दाखविलें. नवव्या शतकांत ख्रिस्ती धर्म सोडून मुसलमान झालेला वैद्य अली इब्न रब्बन तबरी यानें अशा भाकितांचा मोठा संग्रहच केला. सुरियानी बायबलांत 'स्तुत्य' या अर्थाचा शब्द दिसला, कीं तेथें त्यास पैगंबरांचें नांव दिसे. हे लोक अडाणी नव्हते; आपापल्या काळचे ते विद्वान होते. म्हणूनच त्यांची रीति तपासणें अगत्याचें आहे.

या सर्व भाकितांत वजनदार असें एक आहे. मराठी बायबलांत 'अनुवाद' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मोशेच्या पांचव्या पुस्तकांत, अठराव्या अध्यायांत, इस्राएलांच्या भाऊबंदांतून मोशेसारखा संदेष्टा उभा करण्याचें ईश्वरी अभिवचन आहे. मुसलमान पंडित म्हणतात : इस्राएल हे इसहाकाचे वंशज, त्यांचे भाऊबंद म्हणजे इसहाकाचा भाऊ इश्माएल याचे वंशज, अर्थात् अरब, आणि मोशेप्रमाणें कायदा देणारा व राष्ट्र बांधणारा प्रेषित महंमदांवांचून दुसरा कोण? विसाव्या शतकांत, सुरत जिल्ह्यांत जन्मून दक्षिण आफ्रिकेंत वाढलेले अहमद दीदात (१९१८–२००५) यांनीं हीच तुलना व्याख्यानांतून देशोदेशीं नेली. युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. त्याच पुस्तकांत अदोमी लोकांसही इस्राएलांचे भाऊ म्हटलें आहे, हें त्यास पोषकच आहे. पण एक पान मागें उलटावें. सतराव्या अध्यायांत राजा भाऊबंदांतूनच निवडावा, परका नसावा, असा नियम आहे; तेथेंही भाऊबंद म्हणजे अरब असा अर्थ घेतला, तर इस्राएलांवर अरब राजा नेमण्याची आज्ञा निघते! अठराव्या अध्यायाचा संदर्भही स्पष्ट आहे. शकुन पाहणारे, मांत्रिक, मृतांस विचारणारे यांच्या नादीं लागूं नका, ईश्वराची इच्छा सांगणारा तुमच्यांतूनच मिळेल, असें सांगून खरा संदेष्टा व खोटा संदेष्टा ओळखावा कसा, याची कसोटी तेथें लगेच पुढें दिली आहे. ती कसोटी ऐकणाऱ्यांच्या नित्य उपयोगाची होती. शेंकडों वर्षांनंतर दुसऱ्या देशांत जन्मणाऱ्या पुरुषासाठीं ती राखून ठेविली होती, असें त्या प्रकरणांत कोठेंही सूचित नाहीं.

वजनदार भाकिताची ही स्थिति, तर हलक्यांची काय सांगावी? 'गीतरत्न' हें जुन्या करारांतील प्रेमकाव्य. त्यांत प्रियेनें प्रियकरास 'महमद्दीम' असें विशेषण दिलें आहे. हिब्रूंत याचा अर्थ सर्वस्वी स्पृहणीय. ध्वनि कानास ओळखीचा लागला आणि विशेषणाचें विशेषनाम झालें! परंतु याच शब्दाचें एकवचन यहेज्केल संदेष्ट्याच्या चोविसाव्या अध्यायांत आलें आहे, व तेथें तें त्याच्या मरणोन्मुख पत्नीस लाविलें आहे. एका ठिकाणीं नांव व दुसऱ्या ठिकाणीं विशेषण, हा निवाडा कोणत्या व्याकरणानें करावा? हिब्रू व अरबी या बहिणी. धातु एकच, पण हिब्रूंत त्याचा रोख इच्छेकडे, अरबींत स्तुतीकडे. संस्कृतांत 'शिक्षा' म्हणजे शिकणें व मराठींत 'शिक्षा' म्हणजे दंड. म्हणून तैत्तिरीय उपनिषदांतील शीक्षावल्लीस कोणी फौजदारी कायदा म्हणेल काय? याहून विलक्षण म्हणजे अक्षरांची बेरीज. उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायांत इश्माएलाचा वंश अतिशय वाढविण्याचें वचन अब्राहामास दिलें आहे. त्यांतील 'अतिशय' या अर्थाच्या हिब्रू अक्षरांची किंमत ९२ होते, आणि अरबी 'मुहम्मद' या नांवाचीही ९२. बाराव्या शतकांत यहुदी धर्म सोडून मुसलमान झालेला गणिती समौअल मगरिबी यानें हा हिशेब पुढें केला. बेरीज बरोबर आहे. पण कुराणांत ईसाच्या तोंडीं आलेलें नांव 'अहमद' असून त्याची बेरीज ५३ भरते. मग यांतला ईश्वरी आंकडा कोणता?

योहानाच्या शुभवर्तमानाची गोष्ट थोडी निराळी. तेथें येशू शिष्यांस दुसरा एक 'पाराक्लेतोस', म्हणजे कैवारी, येईल असें आश्वासन देतो. तो स्वतःचें न सांगतां जें ऐकेल तेंच सांगेल, असेंही म्हणतो. प्रेषिताच्या वर्णनाशीं हें जुळतें, हें आम्ही मान्य करितों. पण हा कैवारी म्हणजे पवित्र आत्मा, असें चौदाव्या अध्यायांतच साफ सांगितलें आहे. यावर तोड म्हणून असा तर्क निघाला कीं, मूळ ग्रीक शब्द 'पेरिक्लितोस', म्हणजे कीर्तिमान, असा असून ख्रिस्ती लेखकांनीं तो बदलला. परंतु सिनाई व व्हॅटिकन या नांवांनीं प्रसिद्ध असलेलीं हस्तलिखितें चौथ्या शतकांतलीं, म्हणजे महंमदांच्या जन्मापूर्वीं सुमारें दोनशें वर्षांचीं. त्यांत 'पाराक्लेतोस' असाच पाठ आहे, आणि दुसऱ्या पाठाची एकही ग्रीक पोथी उपलब्ध नाहीं. जो अद्याप जन्मास आला नव्हता, त्याचें नांव कोणी व कशाकरितां खोडावें?

हें वाचून एखादा मिशनरी गालांतल्या गालांत हंसत असेल, तर त्यानें आपल्या घराकडे पाहावें. मत्तयानें होशेय संदेष्ट्याचें एक वाक्य घेऊन, बाळ येशू मिसर देशांतून परत आला तेव्हां तें पूर्ण झालें, असें लिहिलें. होशेयाच्या अकराव्या अध्यायांत तो 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र, गोष्ट भूतकाळची, आणि लगेच पुढें त्यानें मूर्तींपुढें धूप जाळल्याची तक्रार आहे. ही तक्रार येशूस लावण्यास कोणता ख्रिस्ती तयार होईल? यशयाच्या सातव्या अध्यायांत आहाज राजास, दोन शत्रु चालून आले असतां, जें चिन्ह सांगितलें त्यांतील 'तरुणी' ग्रीक भाषांतरांत 'कुमारी' झाली, आणि तिच्यावर केवढी इमारत उठली! मोशेसारखा संदेष्टा म्हणजे येशूच, असें 'प्रेषितांचीं कृत्यें' या पुस्तकांत पेत्र सांगतो. तेव्हां मुसलमान पंडितांचा हा धडा नवा नव्हे. तो ख्रिस्ती शाळेंत शिकविला जात होता, आणि तबरी तर त्याच शाळेंतून आला होता.

या वादांतील आणखी एक विसंगति आपल्याच देशांत उघड झाली. १८५४ च्या एप्रिलांत आग्रा येथें जर्मन मिशनरी फांडर व मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा जाहीर वाद झाला. मौलानांनीं व त्यांचे सहकारी डॉ. वझीरखान यांनीं युरोपांतील बायबल-टीकाकारांचाच आधार घेऊन बायबलांत फेरफार झाल्याचें प्रतिपादिलें, व पाठभेद आहेत हें फांडर यांस कबूल करावें लागलें. विजय खरा होता. परंतु पुढें १८६४ मध्यें 'इझ्हारुल् हक्क' या अरबी ग्रंथांत त्याच मौलानांनीं त्याच बायबलांतून महंमदांविषयींचीं भाकितें काढून दाखविलीं. साक्षीदार खोटा ठरवावयाचा आणि त्याच्याच जबानीवर दावा जिंकावयाचा! यावर उत्तर असें देतात कीं, ग्रंथ बिघडला तरी सत्याचे कांहीं अंश त्यांत उरले आहेत. असतीलही. पण उरलेला अंश कोणता हें ठरवावयाचें कशानें? अनुकूल तो उरलेला व प्रतिकूल तो बिघडलेला, अशी कसोटी असेल, तर बायबल उघडण्याचे श्रम तरी कशाला?

कोणी म्हणेल, हा पंडितांचा खेळ. यांत कोणाचें काय बिघडलें? बिघडलें तें पाहा. बाराव्या शतकांत येमेन देशांत यहुद्यांवर धर्मांतराची सक्ति झाली, आणि त्याच सुमारास त्यांच्यांतलाच एक धर्मांतरित मनुष्य, तुमच्या तौरातेंतच महंमदांचें नांव आहे, असा उपदेश करूं लागला. गोंधळलेल्या लोकांच्या वतीनें मिसर देशांत मैमोनिडीस या तत्त्ववेत्त्याकडे पत्र गेलें. सुमारें ११७२ त त्यानें धाडलेल्या उत्तरांत ९२ च्या बेरजेचें व मोशेसारख्या संदेष्ट्याच्या युक्तिवादाचें खंडन आहे. पण ज्यांस तें वाचावयाचें होतें त्यांच्या मानेवर सत्तेचा हात होता. १२६३ मध्यें बार्सेलोना येथें आरागोनच्या राजासमोर हाच प्रकार ख्रिस्ती बाजूनें झाला : पाब्लो क्रिस्तिआनी या धर्मांतरित यहुद्यानें खुद्द तालमुदांतून ख्रिस्ताची साक्ष काढली, आणि त्यास उत्तर देणाऱ्या नाखमानिडीसास पुढें देश सोडावा लागला. या युक्तिवादाचा स्वभावच तसा आहे. 'तुमच्या ग्रंथांत हें आहे' येथून 'तुम्ही तें जाणूनबुजून लपवितां' येथपर्यंत एकच पायरी असते. आणि ज्यास एकदां लबाड ठरविलें, त्याच्यावर सक्ति करितांना मन कचरत नाहीं.

आमच्या बहुतेक वाचकांनींही या वादाकडे केवळ प्रेक्षक म्हणून पाहण्याचें कारण नाहीं. भविष्यपुराणाच्या प्रतिसर्गपर्वांत 'महामद' नामक म्लेंच्छ आचार्याची, व शालिवाहन राजास भेटलेल्या 'ईशपुत्रा'ची कथा आहे. कांहीं मुसलमान प्रचारक पहिलीस व कांहीं ख्रिस्ती प्रचारक दुसरीस भाकित म्हणून पुढें करितात. पहिल्या कथेंत त्या आचार्याची उघड निंदा आहे, ती मात्र वगळतात. आणि मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें १८९७ मध्यें छापलेल्या पुराणाच्या या भागांत इंग्रजी अमदानीचेही उल्लेख आहेत, म्हणजे हें 'भविष्य' बरेंचसें घडून गेल्यावर लिहिलेलें आहे, हेंही सांगत नाहींत. आणि वेदांत विमानें शोधणारे आमचे बंधु तरी याहून निराळें काय करितात?

श्रद्धावानानें आपल्या ग्रंथाच्या प्रकाशांत मागील ग्रंथ वाचूं नयेत, असें आमचें म्हणणें नाहीं. तें चिंतन आहे व देवघरांत तें शोभतें. 'पुरावा' म्हणून तें चव्हाट्यावर आणिलें, कीं मग त्यास व्याकरण, संदर्भ व हस्तलिखितें यांच्यापुढें उभें राहावें लागतें. चांगली वाट मुसलमान परंपरेंतही आहे. पंधराव्या शतकांत कैरो येथील भाष्यकार अल्-बिकाई यानें कुराणावरील आपल्या भाष्यांत तौरात व शुभवर्तमानें यांतील लांबलांब उतारे घेतले. त्यावर सहधर्मीयांचा रोष झाला, तेव्हां हा उपयोग शास्त्रसंमत कसा, हें सांगणारा स्वतंत्र ग्रंथ त्यानें लिहिला. त्याचे निष्कर्ष कोणास पटोत न पटोत. शेजाऱ्याच्या ग्रंथांतील प्रकरणेंच्या प्रकरणें वाचून दाखविणारा मनुष्य एकेक शब्द कातरून नेणाऱ्यापेक्षां शेंकडों पटींनीं अधिक प्रामाणिक असतो.

ज्या पुरुषाच्या वाणीनें विखुरलेल्या अरब टोळ्या एक झाल्या, त्याच्या थोरवीस एका प्रेमकाव्यांतील विशेषणाचा टेंकू लागतो, असें मानणें हा त्याचाच अवमान आहे. येशूची थोरवीही होशेयाच्या अर्ध्या वाक्यावर उभी नाहीं. दुसऱ्याचा ग्रंथ उघडावयाचा असेल तर तो पहिल्या पानापासून उघडावा, आणि त्याचा अर्थ, त्या ग्रंथावर ज्यांच्या पिढ्या वाढल्या, त्यांस प्रथम विचारावा. एवढें करूनही मतभेद उरलाच, तर तो उजळ माथ्यानें सांगतां येण्याजोगा मतभेद असेल.