न पाहिलेला हेर, न मोजलेला प्रेक्षक

कर्जत/खालापूर : रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचे दूरचित्रवाणीशी असलेले नाते दुहेरी आहे. मालिका येथे पाहिल्या जातात आणि घडतातही. खालापूर तालुक्यातील चौक येथे कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ मध्ये एन. डी. स्टुडिओ सुरू केला. 'जोधा अकबर'चे महाल येथेच उभे राहिले आणि २००८ मध्ये 'राजा शिवछत्रपती' ही मालिका येथूनच महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली. असे असूनही कोणती मालिका जगावी आणि कोणती गुंडाळावी, या निर्णयात येथील प्रेक्षकाच्या मताला काय किंमत असते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. 'पॅट्रियट' या अमेरिकी हेरमालिकेची कथा त्या दृष्टीने उद्बोधक आहे.

स्टीव्हन कॉनरॅड यांच्या या मालिकेचा पहिला भाग नोव्हेंबर २०१५ मध्ये ॲमेझॉनवर आला. पूर्ण पहिले पर्व २०१७ मध्ये आणि दुसरे २०१८ मध्ये प्रदर्शित झाले. अठरा भागांनंतर, २०१९ मध्ये मालिका बंद करण्यात आली. ज्यांनी ती पाहिली त्यांतील अनेकांनी तिला डोक्यावर घेतले. परंतु पाहणाऱ्यांची संख्याच तोकडी राहिली.

हेर नव्हे, चाकरमानी

मालिकेचा नायक जॉन टॅव्हनर हा गुप्तचर खात्याचा अधिकारी आहे. इराणमधील निवडणुकीवर प्रभाव टाकण्यासाठी पैशांनी भरलेली एक बॅग लक्झेंबर्गमध्ये पोचवणे, एवढेच त्याचे काम. त्यासाठी त्याला औद्योगिक पाइपांचा व्यवसाय करणाऱ्या कंपनीत नोकरी धरावी लागते. मुलाखतीत आपल्यापेक्षा सरस ठरणाऱ्या उमेदवाराला तो चालत्या ट्रकपुढे ढकलतो. तो उमेदवार मरत नाही. मेंदूला इजा घेऊन त्याच कंपनीत रुजू होतो. बॅग विमानतळावरच भलत्याच्या हाती लागते. एक चूक निस्तरताना दुसरी घडते आणि मनाने खचलेला हा हेर आपली सरकारी गुपिते गिटारवर गाणी करून लोकांसमोर गातो. हे सारे कमालीच्या गंभीर चेहऱ्याने सांगितले जाते.

खोपोली-खालापूर पट्ट्यातील वाचकाला यातला विनोद विशेष जवळचा वाटावा. पोलादी पाइपांचे आणि पत्र्यांचे कारखाने या परिसराने पाहिले आहेत. पाळ्या, वरिष्ठांची बोलणी, तांत्रिक शब्दांचे अवडंबर आणि सुट्टीसाठीची अजिजी येथे अनोळखी नाही. मालिकेतील वरिष्ठ अधिकारी लेस्ली क्लॅरेट पाइपांविषयी जे अगम्य व्याख्यान झोडतो, ते रसिकांनी सर्वाधिक नावाजलेल्या प्रसंगांपैकी एक आहे. देशाची सुरक्षा आणि हजेरीपट यांत हजेरीपट वरचढ ठरतो, हे मालिकेचे मर्म होय.

मतांची विभागणी

प्रेक्षकांच्या मतांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटाची तक्रार संथपणाची आहे. हेरकथा म्हटली की पाठलाग आणि उलगडा हवा. येथे नायक तासन्‌तास उदास बसून राहतो, असा त्यांचा आक्षेप. दुसऱ्या गटाला ही मालिका दुसऱ्यांदा पाहताना उमगते. प्रारंभी निरर्थक वाटलेला संवाद पुढे चार भागांनंतर अर्थपूर्ण ठरतो, असे ते सांगतात. तिसऱ्या गटाचा आक्षेप नैतिक आहे. निरपराध माणसाच्या अपंगत्वावर हसावे काय, असे ते विचारतात. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. मात्र मालिका त्या जखमी माणसाला विसरत नाही, त्याला पुनःपुन्हा नायकासमोर उभे करते, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

मराठी प्रेक्षकापुरती यात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे 'गुप्तहेर' हा एकच शब्द गुन्ह्याचा छडा लावणाऱ्यालाही लागतो आणि राज्याच्या हेरालाही. 'एक शून्य शून्य' किंवा 'हॅलो इन्स्पेक्टर'वर पोसलेली अपेक्षा उकल मागते. राज्याचा हेर म्हटला की बहिर्जी नाईक आठवतात. याच खालापूर तालुक्यात, उंबरखिंडीत, १६६१ मध्ये कारतलबखानाची फौज कोंडली गेली, ती शत्रूच्या वाटेची अचूक खबर असल्यामुळेच. ज्या भूमीत हेराची खबर लढाई जिंकून देते, तेथे सामान हरवणारा हेर पचनी पडणे कठीणच. त्यात मालिकेचे नाव 'देशभक्त' अशा अर्थाचे. नाव वाचून येणारा प्रेक्षक निराश होतो आणि ज्याला ती आवडली असती, तो नाव पाहूनच फिरकत नाही.

'तिवारी' का चालला?

मग हेर आणि नोकरदार यांची सांगड आपल्या प्रेक्षकाला रुचतच नाही काय? तसे म्हणता येत नाही. २०१९ मध्ये आलेल्या 'द फॅमिली मॅन'मधील श्रीकांत तिवारीही घरखर्च आणि कर्तव्य यांत भरडला जातो. दुसऱ्या पर्वात तो खाते सोडून संगणक कंपनीत नोकरी धरतो आणि वयाने लहान असलेल्या वरिष्ठाची बोलणी खातो. त्याच्या सोबतीला तळपदे हा मराठी सहकारी आहे. कल्पना बरीचशी तीच. पण भाषा ओळखीची, आणि ताणानंतर मोकळे हसू देणारी. 'पॅट्रियट' ती सुटका देत नाही. इंग्रजी मालिकांना मराठी संवाद मिळण्याची पद्धतही अद्याप रुळलेली नाही. म्हणजे केवळ अभिरुचीला दोष देऊन चालणार नाही.

मोजणार कोण?

खरा मुद्दा मोजणीचा आहे. दूरचित्रवाणीच्या जुन्या 'टॅम' पद्धतीत ग्रामीण घरे नव्हती. 'बार्क'ने २०१५ मध्ये त्यांचा समावेश केला. तरीही कोट्यवधी घरांचा कौल काही हजार घरांतील मापकांवर ठरतो. या व्यवस्थेतील गैरप्रकारांच्या आरोपांवरून २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला होता. इंटरनेटवरील मंचांकडे प्रत्येक क्षणाची नोंद असते, परंतु ती बहुतांशी त्यांच्याच कपाटात राहते. पूर्वी प्रेक्षक मोजला जात नव्हता. आता तो मोजला जातो, पण त्याला निकाल सांगितला जात नाही.

याचा परिणाम कर्जत-खालापूरसारख्या चित्रीकरणाच्या पट्ट्यावर थेट होतो. देसाई यांच्या २०२३ मधील निधनानंतर स्टुडिओचे भवितव्य सार्वजनिक चर्चेचा विषय बनले. वास्तू टिकवण्याइतकाच तेथे काय घडवले जाणार, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मिक हेरॉन यांच्या अपयशी हेरांवरील कादंबरीमालेतील पहिले पुस्तक २०१० मध्ये आले; त्यावरील 'स्लो हॉर्सेस' ही मालिका २०२२ मध्ये सुरू होऊन लोकप्रिय झाली. आडवळणाच्या कथेला प्रेक्षक उशिरा भेटतो, पण भेटतो. तोवर थांबण्याची तयारी निर्मात्यांनी ठेवावी लागते. ती नसेल, तर तंबूतले सुतार, रंगारी आणि प्रकाशयोजनेचे कामगार यांना ठरावीक साच्याच्या मालिकांवरच विसंबावे लागेल, आणि प्रेक्षकालाही.