यवतमाळचे नमुने, पुण्याचा संगणक

फेब्रुवारी २०२१मध्ये यवतमाळ व अमरावती जिल्ह्यांत करोनाचे रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढू लागले, तेव्हा तेथील काही नमुन्यांची जनुकीय तपासणी पुण्याच्या बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. विषाणूच्या पृष्ठभागावरील काटेप्रथिनात यवतमाळच्या नमुन्यांत ४४० व्या, तर अमरावतीच्या नमुन्यांत ४८४ व्या जागी बदल आढळला. बातमी फुटताच ‘विदर्भातील नव्या विषाणू’ची चर्चा सुरू झाली. त्या आकड्यांचा अर्थ काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

काटेप्रथिन म्हणजे १२७३ अमिनो आम्लांची साखळी. ती विशिष्ट घडी घालून उभी राहते आणि तिच्या टोकाने विषाणू मानवी पेशीला चिकटतो. ४४० व्या जागी अस्पॅराजिनऐवजी लायसिन आले की तेथे धन विद्युतभार येतो. त्याने पकड घट्ट होते की सैल, हे नुसती अक्षरे वाचून कळत नाही. त्यासाठी प्रथिनाची त्रिमिती रचनाच डोळ्यांपुढे हवी. येथे संगणक कामी येतो. प्रयोगशाळेत निश्चित झालेली रचना घ्यायची, त्यात एकेक आम्ल बदलायचे आणि परिणाम गणिताने तपासायचा.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने दुसऱ्या लाटेतील महाराष्ट्राच्या नमुन्यांबाबत २०२१मध्ये नेमके हेच केले. ४५२, ४७८ व ४८४ या जागांवरील बदलांनी पेशीवरील पकड वाढत असावी, तर ६८१ व्या जागेवरील बदलाने काट्याची फाळणी सुलभ होत असावी, असा निष्कर्ष निघाला. ‘असावी’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण प्रतिकृती हे अनुमान असते, पुरावा नव्हे. ६८१ विषयीचे अनुमान पुढे परदेशी प्रयोगशाळांतील प्रयोगांत खरे ठरले. यवतमाळच्या ४४० चा मात्र नंतर सर्वत्र पसरलेल्या डेल्टाच्या ओळखखुणांत समावेश नव्हता. भीती एका आकड्याची बाळगली गेली आणि घात दुसऱ्यांनीच केला!

ही विद्या आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. पुणे विद्यापीठात डॉ. अशोक कोळस्कर आणि डॉ. ऊर्मिला कुलकर्णी-काळे यांनी जपानी मेंदूज्वराच्या विषाणूच्या आवरणप्रथिनाची संगणकीय प्रतिकृती १९९९मध्येच प्रसिद्ध केली होती. त्या प्रथिनाची रचना तेव्हा हाती नव्हती. गोचिडीद्वारे पसरणाऱ्या त्याच्या भाऊबंद विषाणूची होती. तिच्याच साच्यावर त्यांनी ही प्रतिकृती उभारली आणि प्रतिपिंडे कोठे चिकटतील, याचा नकाशा मांडला.

आणि चांदीपुरा? १९६५मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावावरून या विषाणूला नाव मिळाले, ते विदर्भातलेच. २००३मध्ये त्याने आंध्र व महाराष्ट्रात अनेक बालकांचे प्राण घेतले. त्याच्याही अंगावर असेच पृष्ठप्रथिन आहे. प्रतिकृती घडविण्यास कोट्यवधींची यंत्रसामग्री लागत नाही. रचनांचे जागतिक भांडार विनामूल्य खुले आहे. हवेत चांगले संगणक आणि शिकविणारी माणसे. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात असा एक छोटा कक्ष शासनाने येत्या अर्थसंकल्पात मंजूर करावा आणि पहिले काम चांदीपुराचे द्यावे.